पाण्यात टाकलेला फोटो

मी फोटो बोलतोय. इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलो होतो, कारण पाण्यात दुसरं करणार काय? पण माझ्याविषयी इतरांनीच इतकं बोलून ठेवलंय की आता गप्प बसवत नाही.

मी राहतो पंचवीस फूट खोल, मुद्दाम बुडवलेल्या एका जुन्या लाँचच्या कठड्यावर. चार बोल्टांनी आवळलेला. मासे येतात, बघतात, जातात. जमिनीवरच्या प्रदर्शनात माणसंही एवढंच करतात, फक्त जाताना 'प्रकाश काय पकडलाय' असं पुटपुटतात. माशांना ती सवय नाही, हे त्यांचे उपकार.

माझ्यात एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून हसतायत. डोळे गच्च मिटलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. हे बाबा. त्यांचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं. एकदा दुकान आवरताना त्यांच्या धाकटीच्या हातून दिव्याची छत्री तिच्याच डोक्यात पडली. बाबा खो खो हसले आणि त्या पोरीनं छत्रीखालूनच मला टिपलं. माझा जन्म हा असा.

आता पासपोर्टच्या दुकानात मिटल्या डोळ्यांच्या फोटोला काय किंमत? 'डोळे मिटले, पुन्हा बसा,' हे वाक्य त्या खोलीत दिवसातून वीसदा ऐकू यायचं. असे फोटो एका खोक्यात जायचे. खोक्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वाया'. मीही त्यातच गेलो.

पुढे बाबा गेले. दुकानाच्या भिंतीवर त्यांचा कुठला फोटो लावायचा, यावरून बहीणभावांत जुंपली. थोरल्यानं बाबांच्या लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणला. त्यात बाबा असे दिसतात, की जणू कोणी त्यांचे खिसे तपासतंय. धाकटीनं खोक्यातून मला काढलं.

"हा लावायचा," ती म्हणाली.

"डोळे मिटलेला? लोक म्हणतील, यांना बापाचा फोटोही धड काढता आला नाही."

"दादा, हसतायत ते."

"मला नको तो डोळ्यांसमोर. पाण्यात टाक."

"टाकते," धाकटी म्हणाली, आणि मला अन् ते खोकं घेऊन दुकानातून बाहेर पडली. त्या दिवसापासून थोरला तिला पाण्यात पाहू लागला.

आमची धाकटी मोठी शब्दाची पक्की. ती पाणबुड्यांचं काम शिकली. खोक्यातले एकवीस फोटो आणि मी, सगळ्यांना मोठं केलं, दोन जाड पारदर्शक पत्र्यांत बंद केलं, कडा पक्क्या लुकणानं आणि रबरानं बुजवल्या, आणि खरोखर पाण्यात टाकलं. प्रदर्शनाचं नाव 'मिटलेले डोळे'.

झालं, गाजावाजा सुरू. 'प्रेक्षक श्वास रोखून पाहतात,' असं एका समीक्षकानं लिहिलं. पाठीवर हवेची टाकी बांधून आलेले श्वास रोखतील कशाला? वर्षभरात माझ्यावर शेवाळ चढलं, तर ते 'काळाचं हस्ताक्षर' ठरलं. तळाशी पाटी लागली, 'कलाकृतीला हात लावू नये'. धाकटी शाळाकॉलेजांतून भाषणं देऊ लागली, पोरं तिच्यामुळे कॅमेरे घेऊ लागली. कल्पना कशी सुचली, असं कोणी विचारलं की ती सांगायची, "समुद्रानं हाक मारली." हाक कसली, भावानं हाकललं होतं.

पण मला ठाऊक होतं तिला काय हवंय. महिन्यातून एकदा ती बोल्ट आवळायला यायची. आवळून झालं की वर होडीच्या बुडाकडे बघत राहायची, दुसरं कोणी उतरतंय का म्हणून. थोरल्याला दर वर्षी निमंत्रण जायचं. उत्तर यायचं नाही. बाकी सगळं जग येऊन गेलं तरी तिच्या लेखी प्रदर्शन अजून उघडलंच नव्हतं.

आठव्या वर्षी थोरला आला.

आधी मी ओळखलंच नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकलेला माणूस, शिक्षकाचा दंड दोन्ही हातांनी धरून, घाबरत घाबरत माझ्यापाशी पोचला. मागे धाकटी होती, समीक्षकही होते. थोरल्यानं मला पाहिलं. मग बाही पंजावर ओढली आणि माझा चेहरा पुसायला घेतला. आठ वर्षांचं काळाचं हस्ताक्षर, खसाखसा. जन्मभर दुकानात बसून फोटोंतल्या चेहऱ्यांवरचे डाग काढणारा तो, त्याला दुसरं सुचणार तरी काय? समीक्षक हातवारे करू लागले. शिक्षक पुढे झाला, तर धाकटीनं त्याचा हात धरून ठेवला.

पुसताना माझी एक कड सुटली, म्हणून मला वर होडीत घेतलं. समीक्षकांचा तोल गेलाच होता.

"अहो, तुम्ही काय केलंत कळतंय का?"

"माणसाच्या तोंडावर एवढी घाण बसली होती," थोरला म्हणाला, "आणि तुम्ही नुसते बघत होतात?"

मग त्यानं मला मांडीवर घेतलं. धाकटी समोर बसून कड बुजवत होती, मान खाली घालून.

"शेवटच्या दिवशी बाबांचे डोळे मीच मिटले होते," तो म्हणाला. "पुन्हा तेच बघवेना मला. म्हणून नको म्हणालो तुला."

धाकटीचा हात थांबला. "मला सांगायचं होतंस ना, दादा."

"तू थांबलीस कुठे?" त्यानं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हसतायत मात्र मनापासून. हसताना मिटायचेच त्यांचे."

त्यानंतर मी पुन्हा खाली आलो. समीक्षकांनी माझं नाव यादीतून काढलं. म्हणे आता माझ्यात खोली उरली नाही. पंचवीस फूट आहे, मोजून घ्या. माझ्या आजूबाजूचे एकवीसजण हिरवेगार झालेत, मी तेवढा लख्ख. तुम्ही कधी उतरलात तर अवश्य बघा, पण पाटी वाचा आणि हात लावू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा थोरला ब्रश घेऊन येतो. धाकटी त्याचा दंड धरून असते. त्याला अजून नीट पोहता येत नाही.