दमलेल्या पायांना विचारा

मी एक जुनी गोल फळी आहे. पोटाखाली अर्धा लाकडी चेंडू बसवलेला असल्यामुळे मी सतत डुगडुगते. माझ्यावर उभे राहणाऱ्यानेच तोल सांभाळायचा. सर्बियातल्या मोरावा नदीकाठच्या एका गावात, मुलींच्या हँडबॉल संघासाठी, सुताराने मला घडवले.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. एका पायावर उभे राहा. घोटा किती थरथरतो, गुडघा किती आत वळतो, ते मी लगेच दाखवते. प्रशिक्षक ब्लागोये माझे कौतुक करीत, पण मला विचारत ते सरावाआधी. ताजे पाय काय सांगणार? सगळ्याच मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहत. मग मला भिंतीला टेकवून मुलींना दमेपर्यंत पळवत. वर्षानुवर्षे मी आतल्या आत चरफडत राहिले.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपत आला होता. दुन्याने पाणी पिता पिता मला पायाने ओढले.

"नेवेन्का, चढ बघू. पडलीस तर उद्याचा बुरेक तुझ्याकडून."

"तुला फुकटचं खायची सवयच लागलीय," म्हणत नेवेन्का चढली. संघात तिच्याइतकी उंच उडी कुणाचीच नव्हती. पण आज तिचा घोटा थरथरला, गुडघा आत वळला आणि ती धपकन खाली बसली. मी जीव तोडून सांगत होते. सगळ्या हसल्या.

"सरावाआधी तर बरी उभी होतीस," ब्लागोये म्हणाले. "एवढ्यात म्हातारी झालीस का गं? चल, शेवटच्या उड्या राहिल्यात."

"दमले कोण म्हणालं, सर?" नेवेन्का उठली. आमच्या गावात दमलो म्हणणे म्हणजे हरणेच.

ती उडी मारून एका पायावर उतरली. गुडघा तसाच आत वळला. कट्ट असा आवाज मलाही ऐकू आला.

गुडघा बरा होऊन वर्षभराने ती परतली. ब्लागोयेंनी सवयीने सरावाआधीच मला पुढे सरकवले.

"आत्ता नको, सर. सराव संपल्यावर चढते. आणि तोल गेला, तर त्या दिवशी पुढे उड्या नाहीत."

"सामन्याच्या मध्येच दमलीस तर?"

"दुन्या खेळेल."

"मग हरू आपण."

"हरू. पुढच्या आठवड्यात परत खेळू. मागच्या वर्षी मला एकही आठवडा खेळता आलं नाही."

ब्लागोयेंनी मला परत भिंतीला टेकवले. पण बाकीच्या मुलींना ते आजही ताज्या पायांनीच माझ्यावर चढवतात, आणि मला खोटी शाबासकी द्यावी लागते.

मित्रांनो, तुम्ही तरी दमल्यावर माझ्याकडे या. मी तुम्हाला पाडले तर खुशाल हसा. पण मग घरी जा.