बारीक तोंडाची टिप

दत्ताराम मुंबईहून कायमचं राहायच्या इराद्याने घरी आला तो पंच्याऐंशी सालच्या चैत्रात. उमेदीची सगळी वर्षं त्याने गोदीत जहाजं रंगवण्यात घालवली होती. एस्टीच्या टपावरून आधी त्याची वळकटी उतरली, मग गोणपाटात गुंडाळलेलं, रंग फवारायचं एक अवजड यंत्र उतरलं, आणि मांडवी बंदरापलीकडच्या त्या लहानशा वाडीतली माणसं यंत्र बघायला गोळा झाली. गुणवंती मात्र यंत्राकडे न बघता वळकटीकडे बघत होती. लग्न झाल्यापासून नवरा तिला शिमग्याला आणि गणपतीला भेटायचा, तोही पाहुण्यासारखा. तांब्या-भांडं पुढे करताना अजून तिचा हात अवघडायचा.

"ह्या मशीनवर हितं धंदा बसला तर मी परत जात नाय," तो म्हणाला होता. "नाय बसला, तर गोदी हायेच."

एवढंच म्हणाला, पण गुणवंतीने ते वाक्य मनात जपून ठेवलं. त्या दिवसापासून यंत्र तिला घरातलं माणूस वाटायला लागलं. तिने त्याला हळद-कुंकू लावलं. पावसाचं पाणी त्याच्यावर गळू नये म्हणून पडवीतली कौलं परतून घेतली.

यंत्राची रीत दत्तारामने तिला समजावली. ह्यात वारा नाही. पंप रंगालाच दाबून नळीतून पुढे ढकलतो, आणि हातात धरायच्या गनच्या तोंडाशी असते टिप, अंगठ्याच्या नखाएवढा कठीण धातूचा तुकडा, मध्ये मांजराच्या डोळ्यासारखी बारीक फट. त्या फटीतून रंग पंख्यासारखा पसरून बाहेर पडतो. दत्तारामकडे दोन टिपा होत्या. एक बारीक तोंडाची, एक मोठ्या तोंडाची. दोन्ही तो धुऊन फडक्यावर ठेवायचा.

"पातळ रंगाला बारीक, जाड रंगाला मोठी. उलट केलं की मशीन रडते आनि रंगारीपन."

"मंग उलट कशाला करतात लोक?"

"हौस," तो हसून म्हणाला. तो हसला की गुणवंतीला बरं वाटायचं.

पहिलं काम मिळालं ते रावजी तांडेलाचं. रावजीची मोठी बोट किनाऱ्यावर ओढून घेतली होती, तळ खरवडून झाला होता, आणि तळाला लावायचा लाल रंग आला होता. हा रंग साधा नव्हता. त्यात तांबं असतं. लाकडाला पोखरणारा किडा त्याने मरतो, शिंपले चिकटत नाहीत. विषारीच म्हणायचा. दह्यासारखा घट्ट. रावजीचा शब्द वाडीत चालायचा. त्याची बोट चांगली रंगली तर बाकीचे आपोआप येणार होते.

बोट उभी होती तिच्या मागेच, जमिनीच्या बाजूला, बायकांचं खळं होतं. शेणाने सारवलेली मोठी मोकळी जागा. त्यावर सगळ्यांचा जवळा सुकत पडलेला असायचा. वैशाखातला तो जवळा म्हणजे पावसाळ्याची बेगमी. समुद्र बंद झाला की घरात तोच, आणि उरलेला बायका पाट्यांत भरून वरच्या गावांना नेत. गुणवंतीची गिऱ्हाइकं संगमेश्वराकडची. तिथली चिमा पोतं सोडलं की आधी चिमूटभर जवळा तोंडात टाकून बघायची, मग नातवाच्या हातावर ठेवायची, आणि मगच बदल्यात भात मोजायला बसायची.

त्या दिवशी सकाळी मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. दत्तारामने उभं राहून गालावर वारा पाहिला आणि खळ्यावरच्या गुणवंतीला हाक दिली.

"दुपारच्या आत उरकतो. खारा वारा सुटायच्या आधी गन खाली."

त्याने मोठ्या तोंडाची टिप लावली आणि काम सुरू केलं. लाल पट्टा फळ्यांवर सरसर चढू लागला. बघणारे तोंडात बोट घालून बघत राहिले. पण रावजी मात्र रंगाच्या डब्यात डोकावून बघत होता.

"आरे दत्ताराम, ही तुजी मशीन रंग लावते का पिते?"

"तांडेल, तळाचा रंग जाड बसायला लागतो. तवाच किडा लांब ऱ्हातो."

"मला किडा शिकवू नको. माज्या बापाने होड्या राखल्या त्या काय मशीन लावून? बारीक तोंडाची हाय ना तुज्याकडं? ती लाव."

"तिच्यातनं हा रंग जायचा नाय."

"पातळ कर. मुंबईत ऱ्हाऊन थिनर घालायला शिकला नाय काय?" बाकीचे हसले.

गुणवंती जवळा खालवर करत होती. तिने मान वर केली. दत्ताराम क्षणभर रावजीकडे, मग सूर्याकडे, मग तिच्याकडे बघत उभा राहिला. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला नाही. मग तो वाकला आणि त्याने टिप बदलली.

तिथून काम रखडलं. रंग पातळ केला तरी फट तुंबायची. दत्ताराम पंप बंद करायचा, दाब सोडायचा, टिप काढून थिनरमध्ये धुवायचा, पुन्हा लावायचा. दाब वाढवला तेव्हा रंग निघाला, पण आता पट्टा पडत नव्हता. रंगाचा धूर निघत होता. लालसर, उन्हात दिसेल न दिसेल असा. सकाळभर तो धूर समुद्रावर गेला. दुपार कलली तेव्हा एक बाजू जेमतेम पुरी होत आली होती, आणि वारा फिरला, समुद्रावरून खळ्याकडे येऊ लागला.

बायका त्या वेळी धक्क्यावर गेल्या होत्या, मासे उतरवून घ्यायला. गुणवंतीही गेली होती. ती सगळ्यांच्या आधी परतली. खळ्यावर पाय ठेवला आणि थबकली. जवळ्याचा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता. ह्या वासात दुसरा वास होता, नाकात वर चढणारा.

तिने मूठभर जवळा उचलून बघितला. काहीच दिसेना. जवळा मुळातच लालसर, त्यावर लाल काय दिसणार? मग तिची नजर खळ्याच्या कडेला ओतलेल्या मिठाच्या राशीवर गेली. बांगडे खारवायला कालच आणलेलं पांढरंशुभ्र मीठ. वरून ते गुलाबी झालं होतं. तिने तळवा फिरवला. तळवाही गुलाबी.

तिने इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. बोटीपलीकडे दत्ताराम नळी गुंडाळत होता. तिने राशीवरचं मीठ ओंजळीने उपसलं, ओच्यात घेतलं आणि दगडी गडग्यामागे टाकून दिलं. खालचं मीठ पांढरं निघालं. एवढं केल्यावर ती खाली बसली. हे आपण काय केलं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात आवडाबाई आली. दत्तारामची चुलती. खळं तिच्या सासऱ्याने केलेलं, म्हणून तिथे तिचा शब्द. एकटी बाई, मूल नाही, आणि सगळ्यांत जास्त जवळा तिचाच.

"काय गो, बसलीस कशी? उन्ह लागलं?"

"व्हय काकी. वाईच लागलं."

"घोवाची मशीन बघून डोळे फिरले असतील," आवडाबाई म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली. "उद्या पोती भरू सकाळची. चांगला कडक सुकलाय. औंदा देवाने दिलं हो!"

गुणवंती घरी आली ती आपल्या वाट्याचा मूठभर जवळा पदरात बांधूनच. दत्ताराम परसात रॉकेलने हात धूत होता.

"रंग खळ्यावर आलाय," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले नाहीत. "किती?"

"म्हंजे तुमाला ठावं हाय."

"वारा फिरला तवा कळलं. थोडंच ऱ्हायलं व्हतं. रावजी डोक्यावर उभा. पहिल्याच कामात गन टाकून बसलो असतो तर उद्या कोन बोलावनार मला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मोठी टिप ठेवली असती तर वारा फिरायच्या आत घरी असतो. कळत व्हतं गो मला. कळत असून बदलली."

"आता काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? धूळ बसते तसं बसलंय. गोड्या पाण्यानं धुवा, परत सुकवा. दिसतंय कुठं?"

"दिसत नाय, तीच तर भीती."

तिने चूल पेटवली. पदराची गाठ सोडून जवळा दोन-तीन पाण्यांनी धुतला, अगदी चोळून धुतला. देवा, धुवून जाऊ दे, असं म्हणत धुतला. कांदा घातला, तिखट घातलं, कोकम घातलं. वाफ वर आली आणि कांद्याच्या, तिखटाच्या मागून तो नाकात चढणारा वास हळूच बाहेर आला.

दिवेलागणीला तिने ताट वाढलं. भात, आणि बाजूला जवळा. दत्ताराम पाटावर बसला. त्याने ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"धुतलाय," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसा."

त्याने भात कालवला. जवळ्याचा घास केला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. गुणवंती बघत होती. त्याने खाल्ला असता तर तिने ते आपल्या मनाचं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. खरं तर त्याने खावा असंच तिला आतून वाटत होतं. त्याने घास ताटात ठेवला, ताट सारलं आणि हात न धुताच बाहेर जाऊन पडवीच्या पायरीवर बसला.

ती त्याच्यामागे गेली नाही. चुलीपुढे बसून राहिली. सांगितलं तर वाडी यंत्र ठेवू देणार नाही. यंत्र गेलं की माणूस गोदीत गेला. मग पुन्हा शिमगा ते गणपती, गणपती ते शिमगा. आणि आवडाबाईने पावसात खायचं काय? न सांगितलं तर पोती उद्या भरायचीच होती. चिमाच्या दारात पोतं सोडायचं, चिमूटभर तिच्या हातावर ठेवायचं. तिच्या नातवाच्या हातावर ठेवायचं. त्या छोट्या तळव्यापाशी येऊन गुणवंतीचं मन अडायचं आणि पुढे सरकायचं नाही.

सकाळी ती खळ्यावर पोचली तेव्हा बायका पोती झटकत होत्या, आवडाबाईचं एक पोतं तर भरूनही झालं होतं. दत्ताराम घरात नव्हता. कुठे गेला तिला ठाऊक नव्हतं. तिने आपल्या वाटणीचा जवळा खराट्याने एका बाजूला लोटायला सुरुवात केली.

"अगो अगो, मातीत कशाला लोटतेस?" आवडाबाई ओरडली.

"काकी, पोती भरू नका. काल बोटीचा रंग उडून आलाय. सगळ्या जवळ्यावर बसलाय."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एकीने जवळा हुंगला आणि थुंकली. दुसरी म्हणाली, आम्हाला तर काही वास येत नाही. गलका ऐकून रावजी बोटीकडून आला.

"कसला रंग? जवळा लालच असतो, तुमाला काय आज दिसला? आनि दत्तारामची बायकोच बोलते, नवल हाय बा! नवऱ्याचा धंदा बुडवायला उठलीस काय गो?"

"माझ्या तळव्यावर आला व्हता," ती म्हणाली. "मिठावर बसला व्हता. ते मीच काल गडग्यामागं टाकलं. जाऊन बघा." खराटा तिने अजून सोडला नव्हता.

बायका गडग्याकडे गेल्या आणि गुलाबी झालेली बोटं बघत परत आल्या. आवडाबाई मात्र गेली नाही. ती आपल्या भरलेल्या पोत्यावर हात ठेवून उभी होती, कोणी ओढून नेईल की काय अशी.

"धुवून सुकवता येईल," ती म्हणाली. कोणाशी तरी, कोणाशीच नाही.

तेवढ्यात दत्ताराम आला. खांद्यावर कुदळ आणि फावडं. पहाटेच कोणाकडे तरी मागायला गेला असणार. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून लांब, त्याने कुदळ टेकली.

"रे दत्ताराम," आवडाबाई म्हणाली, "काल तुज्या घरात हा जवळा शिजला काय?"

"शिजला काकी. धुवून शिजवला."

"तू खाल्लास?"

दत्तारामने रावजीकडे बघितलं नाही. बायकोकडेही बघितलं नाही. "नाय," म्हणाला. "मला नाय खाववला."

आवडाबाईने पोत्याचं तोंड सोडलं.

खड्डा खणायला दुपार झाली. कोकणातली ती जांभ्याची जमीन, कुदळ मारली की ठिणगी उडायची. दत्ताराम एकटाच खणत होता. कोणी मदतीला आलं नाही आणि त्याने कोणाला बोलावलंही नाही. एकेक पाटी रिकामी होत गेली. शिव्या दिल्या बायकांनी. यंत्राला दिल्या, रावजीला दिल्या, मुंबईला दिल्या, गुणवंतीलाही दिल्या. काल सांगितलं असतंस तर रात्रभर आशेवर तरी नसतो, असं एक जण म्हणाली. गुणवंतीने ते ऐकून घेतलं. आवडाबाईने मात्र आपली पोती ओतली, पोतीही खड्ड्यात टाकली आणि घरी निघून गेली.

रंग खळ्याच्या शेणावरही बसलेला. ते खरवडून काढल्याशिवाय तिथे नवं काही वाळत घालता येणार नव्हतं. पाऊस यायला अजून अवकाश होता, थोडाफार जवळा मिळाला असता. दुसऱ्या दिवशी गुणवंती एकटीच खुरपं घेऊन खळ्यावर बसली. थोडा वेळ गेला आणि समोरच्या कडेला आवडाबाई येऊन बसली, आपलं खुरपं घेऊन. दोघी खरवडत राहिल्या. शेजारी अर्धी रंगलेली बोट उभी, एक बाजू लाल, एक बाजू उघडी. पडवीत यंत्र गोणपाटाखाली होतं. ते ठेवणार की विकणार, दत्तारामने सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

ऊन चढलं तेव्हा आवडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"घोवाला तुज्या सांग," ती म्हणाली, दुसरीकडेच बघत. "ती बोट पुरी कर म्हनावं. अशी अर्धी दारात बघवत नाय."

गुणवंतीने मान वर केली.

"ब्रशानं," आवडाबाई म्हणाली. "मशीन मला ह्या खळ्याशेजारी दिसता कामा नये."

"सांगते काकी."

"आनि जायचं नाय म्हनावं मुंबईला. माजा जवळा भरून देईपर्यंत तरी नाय."

खुरपं कमरेला खोचून ती निघाली. तिच्या बाजूचं खळं अजून बरंच खरवडायचं राहिलं होतं. ते तिने तसंच गुणवंतीवर टाकलं. गुणवंती सरकत सरकत तिकडे गेली आणि कामाला लागली.