चार बोटं उंच खुर्ची

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेल्यांपैकी निम्म्यांचे पाय कामातून गेलेले. प्रथिनगुरू जिभेवर चिमूटभर पूड ठेवत आणि म्हातारी माणसं हात न टेकता खुर्चीतून उठत. टाळ्या घेत. मग जागेवर जाऊन धप्पकन बसत.

"हे रक्षक प्रथिन!" गुरू गरजले. "जिभेवरून थेट मांडीत!"

"पोटाला बगल देऊन?" प्रेक्षकांत वडिलांशेजारी बसलेली फिजिओथेरपिस्ट लेक पुटपुटली. दिवसभर अकरा गुडघ्यांशी वाद घालून ती पार शिणली होती. पण बाराव्या गुडघ्याचे मालक तिचे वडील होते, जन्माचे सुतार. पुडीच्या भरवशावर त्यांनी व्यायाम सोडला आणि दोनदा न्हाणीघरात पडले. तिसऱ्यांदा पडले तर खुबाच मोडेल, म्हणून ती सोबत आली होती.

गुरूंनी नेमकं त्यांनाच बोलावलं. काळ्या खुर्चीतून बाबांना उठवेना. पूड चाटवून लाल खुर्चीत बसवलं, उठले! टाळ्यांचा कडकडाट.

लेक जड पावलांनी मंचावर गेली. "बाबा, दोन्ही खुर्च्या मोजा."

"अगं, कशाला उगाच..."

"बाबा."

बाबांनी वीत लावली, बोटं लावली. "लाल चार बोटं उंच. काळीची बैठक मागं उतरती. पायही कापलेत, तेसुद्धा वाकडे." शेवटचं त्यांना जास्त लागलं होतं.

"ती ऊर्जेची उंची आहे!" गुरू म्हणाले.

"मग पुडीनंतर काळीतूनच उठवा."

प्रेक्षकांतले तिघे पूड चाटून एकेक करून काळीत बसले. तिघांनाही ओढून काढावं लागलं. चपळाई दाखवली ती फक्त गुरूंनी, मागच्या दारापर्यंत.

घरी तिनं विचारलं, "तुम्हाला बसताक्षणीच कळलं असेल ना?"

"कळलं गं. पण वर्षभरानं हात न टेकता उठलो होतो."

ती त्यांच्याशेजारी बसली. "स्नायू जपणारी प्रथिनं असतात, बाबा. पण ती शरीर आतच घडवतं. चाटलेलं प्रथिन पोटात पचतं, दुधासारखंच. वयानं स्नायू झिजतात; नीट खाल्लं, रोज काम दिलं, तर कमी झिजतात. यात चमत्कार नाही, म्हणून गर्दी नाही."

सकाळी बाबांनी बोटभर जाडीच्या चार फळ्या कापल्या आणि आपल्या खुर्चीच्या बैठकीवर रचल्या.

"रोज दहा उठाबशा. जमलं की एक फळी काढायची," ती म्हणाली.

"आणि चारही निघाल्या की?"

"मग कुणी विचारलं, कसे उठता, तर या फळ्या दाखवा."