बदकाची चाल

मित्रांनो, मी आसामातल्या माजुली बेटावरच्या शाळेतला जुना टॅब. माझ्या काचेला तडा आहे, पण माझा कॅमेरा अजून चांगला आहे. पूर्वी मी फक्त हजेरीपुरता होतो. मग ऋतुमणी बाइदेउ, म्हणजे ऋतुमणी बाई, शिकवायला आल्या आणि मुलं माझ्यावर चित्रपट करू लागली.

यंदाची गोष्ट होती पुरात वाहून गेलेल्या बदकाची. निजराने बांबू आणि मातीचा बदकाचा सुंदर मुखवटा केला होता. चित्रपट संध्याकाळी स्पर्धेला पाठवायचा होता. बाइदेउंनी तो पाहिला, त्यातला म्हशीच्या शिंगाच्या वाद्याचा सूर ऐकला आणि विचारलं, "हा पेपा कोण वाजवतंय?"

"नेटवरचा आहे, बाइदेउ," संगीत लावणारा बितुपन म्हणाला.

"नेट काय शिंग फुंकतं होय रे?"

"कुणाला कळतंय!" बितुपन पुटपुटला.

"उद्या निजराचा मुखवटा कुणी आपल्या नावावर खपवला तर?" बाइदेउंनी विचारलं.

"हात तर लावू दे!" निजरा उसळली आणि लगेच तिने जीभ चावली.

मूळ चित्रफितीखाली वादकाचं नाव होतं, तंकेश्वर. ते बेटाच्या पलीकडच्या टोकाला राहत. मुलांनी मला पिशवीत घातलं आणि सायकली दामटल्या.

तंकेश्वर खुरा, म्हणजे काका, अंगणात म्हैस धूत होते. तुमचा सूर चित्रपटात घेऊ का, असं मुलांनी विचारलं. "विचारायला आलात?" ते थक्क झाले. "अरे, हा सूर लोक कुठंकुठं वाजवतात, मला कुणी लाल चहासुद्धा पाजत नाही! पण नाही मिळायचा. लेकीच्या पाठवणीसाठी बांधलाय तो."

मुलांचे चेहरे पडले. माझाही धीर खचला. सूर काढला, तर चित्रपट मुकाच जाणार होता.

"तुमचं बदक चालतं कसं, ते तरी दाखवा," खुरा म्हणाले.

मी दाखवलं. ते खो खो हसले. हात पुसून त्यांनी पेपा ओठांना लावला, आणि निघाला काय सूर! डुलणारा, अडखळणारा, थेट बदकासारखा. ऐकून त्यांच्या घरची खरी बदकं धावत आली आणि मध्येच ओरडली. मी सगळं टिपलं.

"हा तुमच्या चित्रपटाला दिला. नाव मात्र नीट लिहा."

बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. पण गावच्या नामघराच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, अंगणात चित्रपट दाखवला, तेव्हा पडद्यावर स्वतःचं नाव आल्याबरोबर खुरा उभे राहिले आणि त्यांनी म्हाताऱ्या बायकोला ते बोट करून वाचून दाखवलं. टाळ्या थांबेनात.

मित्रांनो, माझी काच हलक्या हाताने पुसत जा. आणि कुणाचा सूर, कुणाचं चित्र माझ्यात भरण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणेल, ही भीती असतेच. पण विचारणाऱ्याला कधी कधी मागितल्यापेक्षा जास्त मिळतं.