तीन नंबरच्या शेडचे मोजे

आक्काच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आक्का कोंबड्यांच्या फार्मवर पाण्याच्या टाक्या सांभाळायची आणि तिचा भाऊ तिथेच ट्रेमध्ये अंडी भरायचा. तडकलेली अंडी कामगारांनी घरी न्यावीत, एवढा मालक दिलदार.

तपासणीचे कापडी मोजे आले की आक्का ते बुटांवर चढवून शेडभर चालायची. मोज्यांना लागलेल्या घाणीत प्रयोगशाळा जंतू शोधायची. "धुतलेल्या शेडमधून फिरून या," असं मालक दर वेळी सांगायचा. ती मुकाट फिरून यायची.

मग भाऊ तापाने पडला. दवाखान्यात दोन औषधं झाली, ताप हलेना. रक्तात साल्मोनेला निघाला, कोंबड्या-अंड्यांतून येणारा जंतू. आक्काचं डोकं फिरलं. कोणाला न विचारता तिने मोजे चढवले, तीन नंबरच्या शेडमध्ये, जिथे रोज कोंबड्या मरत होत्या, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि पिशवी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली.

आठवड्याने तिथल्या बाईंनी तिला बोलावलं. "मावशी, दवाखान्यातून भावाचा नमुना मागवून दोन्ही जंतूंची जनुकं जुळवून पाहिली. भावाच्या रक्तातला आणि शेडमधला एकच आहे. औषधाला दाद न देणारं जनुकही दोघांत तेच. कोंबड्यांना कुठलं औषध देता?"

आक्काने नाव सांगितलं. कोंबडी आजारी असो नसो, ते रोज टाकीत तीच ओतायची.

"दवाखान्यात पहिल्यांदा तेच दिलं," बाई म्हणाल्या. "फार्मवरचा जंतू आधी कळला असता, तर त्यांनी पहिल्या दिवसापासून दुसरं दिलं असतं."

आक्का कागद घेऊन तडक मालकाच्या खोलीत शिरली.

"जंतूच्या कपाळावर माझ्या फार्मचं नाव लिहिलंय का?" मालक हसला.

"लिहिलंय. बाईंनी वाचून दाखवलं."

"उगाच घसा कोरडा करू नका, आक्का. मोजे घालून तुम्हीच चाललात ना?"

"मीच चालले. तोंडाला कुलूप लावून तीन वर्षं चालले. तपासणीच्या हापिसात तेही सांगणार आहे. माझं नाव आधी, तुमचं मागून."

"नोकरी जाईल."

"घाला चुलीत."

औषधाचा डबा तिने काखेत मारला आणि हापिसात नेऊन साहेबाच्या टेबलावर आदळला. "हे पाण्यातून जातं. लिहून घ्या. मी हलणार नाही." संध्याकाळी साहेबाने लिहून घेतलं.

चार दिवसांनी, शुक्रवारी, तीन नंबरच्या शेडला सील लागलं. भाऊ आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, दवाखान्यात वारला. त्याला चव्वेचाळिसावं चालू होतं.