आधी ब्रेक

माझी पुतणी विशाखा हिने स्वतःच्या पगारातून जुनी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. पांडेसरा भागातल्या एका गॅरेजमध्ये ती म्हणाली, "आधी ब्रेक आणि टायर बदला. वेगासाठी टर्बोचा दाब नंतर वाढवू."

गुजराती गॅरेजवाला माझ्याकडे वळला. "काका, ब्रेक कोण बघतो? मोठा सायलेन्सर टाकू, दाब वाढवू. ह्या बेनला रंग निवडू द्या."

मला संताप आला. गाडी तिची, अभ्यास तिचा, आणि हा सांगतोय मला! मी तर कधी स्कूटरही चालवलेली नाही.

"किल्ली द्या," मी म्हणालो.

त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"मला नाही," मी ओरडलो, "तिला!"

दुसरं गॅरेज येईपर्यंत विशाखा हळू गाडी चालवत होती आणि मी एकटाच बडबडत होतो.