जावयाने चिकटवलेली घोडी

या जगात कायमचं असं काहीच नाही. राज्यं जातात, घराणी बुडतात, डोंगरसुद्धा झिजतात. अपवाद एकच, सुताराने लावलेला गोंद.

हा सुतार एका गिटार दुरुस्त करणाऱ्याचा जावई. लग्नाला चार वर्षं झाली, तरी दुकानात सासऱ्यांनी त्याला झाडूखेरीज कशाला हात लावू दिला नव्हता. "टेबल-खुर्च्यांचं काम वेगळं, जावईबापू," म्हणायचे. एकदा तरी त्यांनी आपल्या हाती काहीतरी विश्वासाने सोपवावं, एवढीच त्याची इच्छा.

सासरे मोतीबिंदू काढायला गेले तेव्हा त्याने त्यांच्या स्वतःच्या जुन्या गिटारला नव्या तारा चढवायचं ठरवलं. गिटार व्हायोलिनच्या घाटाची. जाड फळी कोरून काढलेलं फुगीर पोट आणि त्यात दोन वळणदार फटी. त्याने सगळ्या तारा एकदम काढल्या आणि तारांखालची लाकडी घोडी टपकन त्याच्या हातात आली.

"अहो, बाबांना फोन करा," बायको म्हणाली.

"काय सांगू? मोडली म्हणून?"

त्याने घोडी गोंदाने चिकटवली आणि वर रात्रभर इस्त्री ठेवली. बंद होती.

सासरे आले. गिटार वाजवली, तोंड वाकडं केलं आणि घोडी अंगठ्याने सरकवायला गेले. पुन्हा गेले.

"ही चिकटवलीय का?"

"हो बाबा. निखळली होती. आता हत्ती आला तरी हलणार नाही."

"ती मोकळीच असते. तारांच्या दाबाने बसते. सुरात आणायला केसभर सरकवावी लागते."

"म्हणजे इतकी वर्षं कुणीच चिकटवली नाही?"

"आधीच्यांना जावई नसावेत."

दुपारभर सासरे गरम पातं घोडीखाली सरकवत राहिले आणि जावई दिवा धरून उभा राहिला. अखेर घोडी सुटली, सोबत नखाएवढं पॉलिश घेऊन. सासऱ्यांनी गोंद पुसून तिचा तळ निरखला.

"इथे घोडी पोटाला टेकत नव्हती, खाली फट होती. मी कधीची बसवीन म्हणत होतो. कुणी घासली?"

"मीच. पोटावर पॉलिशपेपर ठेवून, त्याच्या गोलाईवर. फट ठेवून चिकटवणं जिवावर आलं."

सासऱ्यांनी तारा चढवल्या, घोडी केसभर सरकवली, वाजवली. आवाज पूर्वीपेक्षा भरदार आला. त्यांनी आणखी एकदा वाजवून खात्री केली. मग खिशातून काळा चष्मा आणि त्याची तुटलेली दांडी काढून जावयाच्या हातात ठेवली.

"एवढं करून द्या," ते म्हणाले. "हिला मात्र गोंद लावा."